दोष ना दोऱ्याचा, ना वस्तऱ्याचा

लेझर केल्यावर केस उलट वाढतात का, असं विचारायला हल्ली माझ्याकडे मुली येतात. काही जणी पॅकेजचे पैसे भरण्याआधी येतात, काही भरून झाल्यावर. माझं चौलला, रेवदंड्याच्या रस्त्याला पार्लर आहे. मी डॉक्टर नाही आणि माझ्याकडे लेझरचं मशीनही नाही. तरीही मी या प्रश्नाचं उत्तर देते, कारण हे सगळं मी माझ्या सख्ख्या भाचीच्या चेहऱ्यावर होताना पाहिलं आहे आणि त्यामागचं कारण जाणत्या डॉक्टरांकडून समजून घेतलं आहे. बहुतेक जणींचे केस लेझरने कमी होतात. थोड्या जणींचे मात्र खरोखर वाढतात. ज्यांचे वाढतात त्यांत आपल्यासारख्या गव्हाळ, सावळ्या कातडीच्या बायका जास्त असतात, आणि जागा बहुतेक वेळा चेहरा आणि मान हीच असते.

पार्लरच्या खुर्चीत बाई मान मागे टाकून बसली की तिचा चेहरा माझ्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर येतो. दोऱ्याचं एक टोक माझ्या दातांत, बाकी दोरा दोन्ही हातांच्या बोटांत. मी सांगते, "जीभ गालाला आतून लाव," मग ती गाल फुगवते, कातडी ताणली जाते आणि एरवी कुणाला दिसणार नाही तो केसही मला दिसतो. इतकी वर्षं हे काम केल्यावर कुणाची लव कशी आहे, कुणाच्या हनुवटीवर किती जाड केस आहेत, कुणाच्या कोणत्या बाजूला जास्त ग्रोथ आहे, हे सगळं डोळ्यांत बसलेलं असतं. माझ्याकडे वाडीत राबणाऱ्या बायका येतात, थेरोंड्याच्या कोळणी येतात, नागाव-आक्षीच्या रिसॉर्टमध्ये रिसेप्शनवर काम करणाऱ्या मुली येतात, शाळेतल्या बाई येतात. चौलच्या दत्ताच्या यात्रेआधी तर बसायला जागा नसते. यांतल्या बऱ्याच जणींना ओठावरच्या आणि हनुवटीवरच्या केसांचा मनातून त्रास असतो. दारात दुसरी बाई आली की त्या हळूच म्हणतात, "आधी तिचं करा." आपली हनुवटी दुसरीच्या देखत करून घ्यायची नसते त्यांना.

माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी तशीच. रेवदंड्याला राहते, अलिबागला एका बँकेत नोकरी करते, स्कूटीने जाते-येते. कॉलेजात असताना तिची पाळी लांबायला लागली, वजन वाढलं, हनुवटीच्या खाली जाड काळे केस यायला लागले. डॉक्टरांनी सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्या करून पीसीओडी सांगितलं. गोळ्या, चालणं, जेवणाची वेळ या सगळ्यांनी पाळी बरीच सुधारली, पण हनुवटीवरचे केस राहिले. केसाच्या मुळात एकदा जाड केस तयार व्हायला लागला की हार्मोन्स ताळ्यावर आले तरी तो आपणहून पुन्हा लव होत नाही. दर पंधरवड्याला ती माझ्याकडे यायची, मी दोऱ्याने काढून द्यायचे. गालावर मात्र तिला नुसती लव होती, चारचौघींच्या गालावर असते तेवढीच. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचा सगळा प्रश्न या लवेचाच आहे.

बँकेत काउंटरवर बसायला लागल्यावर तिला ते केस जास्त टोचायला लागले. समोरचा माणूस चेकवर सही करताना वर बघतो आणि त्याची नजर आपल्या हनुवटीवर जाते, असं तिला वाटायचं. ती मला म्हणाली, "मावशी, मला आता हे दर पंधरा दिवसांचं नको." तिने चौकशी केली आणि शहरातल्या एका क्लिनिकमध्ये लेझर सुरू केलं. गेली होती हनुवटीपुरती. तिथे तिला सांगितलं की नुसत्या हनुवटीला इतके पैसे पडतात, थोडे आणखी भरलेस तर पूर्ण चेहरा होतो. गालावरची लवही जाईल, चेहरा स्वच्छ दिसेल. तिने पूर्ण चेहऱ्याचं पॅकेज घेतलं. कुणीही घेतलं असतं.

लेझर चालू असताना थ्रेडिंग, वॅक्सिंग, प्लकिंग बंद ठेवायचं असतं. उजेड मुळातल्या काळ्या रंगावर काम करतो. केस मुळापासून उपटलेला असेल तर काम करायला तिथे काही उरत नाही. म्हणून सिटिंगच्या आधी फक्त रेझर फिरवायचा. तेव्हापासून ती माझ्याकडे भुवयांपुरती यायची. सुरुवातीच्या काही सिटिंगनंतर हनुवटी खरंच मोकळी झाली. ताई खूश, ती खूश, मीही खूश. मी तर दोन-तीन जणींना सांगितलंही की हिला गुण आला.

मग एक दिवस भुवया करताना मी तिची मान सहज उजेडाकडे वळवली. कानाच्या पाळीखालून जबड्याच्या हाडाला धरून आणि तिथून गळ्याच्या बाजूला मला केस दिसले. लव नव्हे, केस. काळे, मुळाशी जाड, टोकाला निमुळते, सगळे एका दिशेला खाली झोपलेले. हनुवटीच्या ज्या जागेवर पूर्वी जाड केस होते ती जागा जवळजवळ रिकामी होती, आणि तिच्या दोन्ही बाजूंना जिथे कधी काही नव्हतं तिथे भरलेलं होतं. दुसरा गाल पाहिला. तिथेही तसंच. आणखी एक गोष्ट डोळ्यांत भरली: त्या पट्ट्याला कड होती. गळ्यावर ठरावीक उंचीला केस थांबत होते, खाली स्वच्छ कातडी. आपोआप वाढलेले केस असे आखून दिल्यासारखे थांबत नाहीत. ते विरळ होत होत संपतात. मी तिला विचारलं, "मशीन कुठपर्यंत लावतात गं?" तिने बोट ठेवलं. बोट बरोबर त्या कडेवर होतं.

यानंतरचे काही महिने घरात एकच विषय होता: हे कशामुळे झालं? ज्याने त्याने आपापलं कारण सांगितलं.

ताईचं म्हणणं, रेझर लावल्यामुळे झालं. बाईच्या जातीने तोंडाला वस्तरा लावायचा नसतो, लावला की दाढी येते, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. पण रेझर कातडीच्या वर केस कापतो, आतल्या मुळाला त्याचा स्पर्शही होत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून तो उगवताना खरखरीत लागतो आणि जाड वाटतो. मिल्ड्रेड ट्रॉटर नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच केस मोजून-मापून दाखवलं होतं की दाढी केल्याने केसाची जाडी बदलत नाही, वाढीचा वेगही बदलत नाही. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीची ही गोष्ट अजून आपल्या घरांत पोचलेली नाही.

शेजारच्या काकूंचं म्हणणं, आधी इतकी वर्षं दोरा लावला म्हणून झालं. हे मला लागलं, कारण दोरा माझा. पण दोऱ्याने केस वाढत असते तर माझ्याकडे वर्षानुवर्षं ओठावरचं करून घेणाऱ्या बायकांच्या लवेचे कधीच जाड केस झाले असते. त्यांची लव लवच राहिली आहे. शिवाय भाचीच्या गळ्याला मी कधी दोरा लावलाच नव्हता. लावण्यासारखं तिथे काही नव्हतं.

क्लिनिकमध्ये तिने दाखवलं तेव्हा तिथल्यांचं म्हणणं, तुमचे हार्मोन्स बिघडलेत. आणखी सिटिंग घ्या, जाईल. हार्मोन्सचं नाव घेतलं की आपल्या मुली गप्प होतात, कारण त्यात आपलाच काहीतरी दोष आहे असं त्यांना वाटतं. तिने अलिबागला पुन्हा सगळ्या तपासण्या केल्या. थायरॉइड, टेस्टोस्टेरॉन, सोनोग्राफी. आधीचे रिपोर्ट आणि आताचे रिपोर्ट शेजारी ठेवले तर नवीन असं काही नव्हतं. हार्मोन्सनेच झालं असतं तर पोटावर, छातीवर, मांड्यांवरही काही फरक पडला असता. तिथे काहीच नव्हतं. जिथे मशीन फिरलं तिथेच केस होते.

या दिवसांत तिचं वागणं बदललं. स्कूटीवर बसताना ओढणी तोंडाला बांधायची, ते सगळ्याच मुली उन्हासाठी करतात. पण ती बँकेत पोचल्यावरही मास्क घालून बसायला लागली. त्या वर्षी दत्ताच्या यात्रेला आली नाही. तिच्या मैत्रिणीच्या हळदीला तिने गळाबंद ड्रेस घातला आणि फोटोच्या वेळी मागे उभी राहिली. ती एकदा मला म्हणाली, "मावशी, मी पैसे देऊन दाढी आणली." मी तिला जवळ घेतलं. तिच्या बोलण्यावर काय बोलावं ते मला सुचलं नाही. पण एक गोष्ट पक्की ठरवली, की हिला अशा डॉक्टरकडे न्यायचं जो हिला काही विकणार नाही.

पावसाळ्याचे दिवस होते. मांडव्याहून गेटवेला जाणाऱ्या लाँच तेव्हा बंद असतात, म्हणून आम्ही रो-रो बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरलो आणि तिथून मुंबईतल्या एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग ओपीडीत गेलो. रांग मोठी होती. आत गेल्यावर डॉक्टर बाईंनी तिला खिडकीजवळ बसवलं, गालाला भिंग लावून दोन्ही बाजू पाहिल्या आणि आधी प्रश्न विचारले. मशीन कोणतं होतं? पॉवर किती ठेवली होती, कागदावर लिहिली आहे का? सुरू करण्याआधी या जागेवर लव होती की जाड केस होते? उन्हात किती असता? उत्तरं ऐकून त्या शांतपणे म्हणाल्या, "हे लेझरनंतर झालेलं आहे. तुम्ही एकट्या नाही. याचे आमच्याकडे पेशंट येतात, आणि जगभरातल्या डॉक्टरांनी हे लिहून ठेवलंय."

तेव्हा माझ्या भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. केस काही तिथल्या तिथे गेले नव्हते, पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं म्हणणं खरं मानलं होतं. मी पाहिलेली ती कड डॉक्टरांनीही पाहिली होती. माझ्या मनावरचं ओझंही उतरलं.

त्या बाईंनी वेळ काढून आम्हाला समजावलं. त्यानंतर भाचीने स्वतः वाचून काढलं आणि मला वाचून दाखवलं. दोन्ही मिळून आम्हाला जे कळलं ते असं आहे.

लेझरचा उजेड केसातल्या काळ्या रंगद्रव्यात, म्हणजे मेलॅनिनमध्ये शोषला जातो आणि त्याची उष्णता होते. ती उष्णता मुळाला जाळते. आजूबाजूच्या कातडीला इजा न करता नेमक्या एका रंगाला कसं तापवायचं, याचं तत्त्व अमेरिकेत अँडरसन आणि पॅरिश या दोन डॉक्टरांनी १९८३ मध्ये मांडलं, आणि १९९० नंतरच्या दशकात त्यावर केस काढायची मशीनं आली. केस जाड आणि काळा असेल तर त्याच्यात मेलॅनिन भरपूर, म्हणून मूळ चांगलं तापतं आणि मरतं. लव बारीक आणि फिकट असते. तिच्यात मेलॅनिन थोडं, म्हणून तिचं मूळ जळण्याइतकं तापत नाही, नुसतं ऊबदार होतं. आणि ही अर्धवट ऊब मुळाला मारण्याऐवजी जागं करते, हे आज सर्वांत जास्त मानलं जाणारं स्पष्टीकरण आहे. लव देणारं मूळ मग जाड केस द्यायला लागतं. ज्या जागेवर मशीन लावलं तिच्या कडेलाही थोडी उष्णता पोचते, म्हणून कडेनेही केस येतात.

ताईला हे मी आमच्या भाषेत सांगितलं. कडवे वाल उकळत्या पाण्यात टाकले तर ते मरतात, कोमट पाण्यात भिजवून फडक्यात बांधले तर त्यांना मोड येतात. तिला ते लगेच पटलं, आणि त्या दिवसापासून तिने रेझरचं नाव काढलं नाही.

कमी शक्तीचा लेझर केस वाढवतो, हे काही नवीन नाही. हंगेरीत बुडापेस्टला एंड्रे मेस्टर नावाचे डॉक्टर १९६७ च्या सुमाराला लेझरचा शरीरावर काय परिणाम होतो हे उंदरांवर पाहत होते. त्यासाठी त्यांनी उंदरांची कातडी भादरली होती. ज्या उंदरांना कमी शक्तीचा लेझर दिला त्यांचे केस बाकीच्यांपेक्षा लवकर उगवले. पुढे याच गुणावर डोक्याचे केस विरळ झालेल्यांसाठी लेझरचे कंगवे निघाले आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये तशा एका कंगव्याला परवानगीही दिली. म्हणजे एकाच उजेडाचा जोर जास्त असेल तर केस जातो आणि जोर कमी पडला तर केस येऊ शकतो.

केस काढायला गेलेल्या बायकांमध्ये असं होतं याची नोंद २००२ मध्ये स्पेनमधल्या डॉक्टरांनी केली. तिथे लेझरऐवजी आयपीएल, म्हणजे तीव्र प्रकाशाचं मशीन वापरलं होतं. २००५ मध्ये ४८९ पेशंटच्या एका तपासणीत हे फक्त ३ जणांत, म्हणजे १००० मध्ये ६ जणांत आढळलं. २००७ मध्ये ५४३ पेशंटच्या तपासणीत ते १०० मध्ये १० जणांत दिसलं. इराणमधल्या ९९१ बायकांमध्ये १०० मागे ५. असे बरेच अभ्यास एकत्र करून २०२१ मध्ये काढलेली सरासरी १०० मागे ३ च्या आसपास आहे. आकडे इतके वेगवेगळे येतात कारण पेशंट वेगळे, मशीनं वेगळी, आणि चेहरा धरला की सगळं अंग धरलं त्यावरही आकडा बदलतो. पण काही गोष्टी सगळीकडे सारख्या दिसतात: हे मुख्यतः चेहऱ्यावर आणि मानेवर होतं, बगलेत आणि पायांवर क्वचित; भूमध्य समुद्राकाठच्या, मध्यपूर्वेतल्या आणि आपल्या भारताकडच्या लोकांमध्ये जास्त होतं; आणि पीसीओडीसारखा हार्मोन्सचा त्रास असेल तर शक्यता वाढते. पुरुषांतही होतं, त्यांच्या पाठीवर, खांद्यांवर आणि दंडांवर.

म्हणजे क्लिनिकने हार्मोन्सचं नाव घेतलं त्यात तथ्य होतं, पण ते अर्धंच होतं. पीसीओडी असलेल्या मुलीला हा धोका जास्त आहे, ही गोष्ट मशीन लावण्याआधी सांगायची असते. केस आल्यानंतर तेच कारण पुढे केलं की दोष त्या मुलीच्या शरीरावर जातो आणि मशीन मोकळं सुटतं.

आमच्या किनारपट्टीवरच्या बायकांना आणखी एक गोष्ट लागू पडते, ती म्हणजे ऊन. आपल्या कातडीतही मेलॅनिन असतं, आणि उन्हात रापल्यावर ते वाढतं. मशीनला केसातलं मेलॅनिन आणि कातडीतलं मेलॅनिन यांतला फरक कळत नाही. रापलेल्या कातडीवर पूर्ण जोर लावला तर चट्टे पडतात, फोड येतात, डाग राहतात. म्हणून मशीन चालवणारा जोर कमी करतो. कातडी वाचते, पण मुळाला नुसती ऊब मिळते. माझी भाची रोज भर उन्हात स्कूटीवर. थेरोंड्याच्या बायका मासळी वाळत घालायला दिवसभर वाळूवर. वाडीवाल्या बायका पाणी लावायला सकाळपासून बाहेर. आम्हाला ऊन टाळा म्हणणं सोपं आहे, टाळणं सोपं नाही. डॉक्टर बाईंनी सांगितलं की कातडी रापलेली असेल तर जोर कमी करून उरकण्यापेक्षा तारीख पुढे ढकलणं बरोबर. सावळ्या कातडीला १०६४ नॅनोमीटरचा, एनडी-याग नावाचा लेझर जास्त सुरक्षित, कारण तो वरच्या कातडीतल्या मेलॅनिनमध्ये कमी शोषला जातो आणि खोलवर जातो. गोऱ्या कातडीला चालणारी ७५५ नॅनोमीटरची मशीनं आपल्या रंगाला जपून वापरावी लागतात.

उपचाराचं म्हणाल तर त्यांनी आधी गालावरच्या लवेवर लेझर पूर्ण बंद करायला सांगितलं. पीसीओडीची औषधं स्त्रीरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने चालू ठेवली. जे केस आता जाड आणि काळे झालेच होते त्यांच्यावर लेझर चालू शकत होता, कारण आता त्यांच्यात मेलॅनिन होतं. मात्र आधी जबड्याखालच्या छोट्याशा जागेवर चाचणी, मग काही आठवडे वाट, मग पुरेशा जोराने उपचार, आणि कडेच्या कातडीला थंड जेलने गार ठेवून. ही कडेची काळजी आधी कुणी घेतली नव्हती. चाचणीच्या जागेवर चांगला परिणाम दिसला तेव्हाच त्या पुढे गेल्या.

जे थोडे सुटे केस उरले त्यांच्यासाठी इलेक्ट्रोलिसिसचा पर्याय सांगितला. त्यात एकेका केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून विजेने ते मूळ मारतात. ही पद्धत लेझरच्या कितीतरी आधीची आहे. १८७५ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या चार्ल्स मिशेल या डोळ्यांच्या डॉक्टरने डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांच्या केसांसाठी ती वापरली होती. तिला केसाचा रंग लागत नाही, म्हणून पांढऱ्या केसालाही चालते. पण वेळ फार लागतो, दुखतं, आणि हात सराईत हवा. आमच्याकडे रायगडच्या किनाऱ्यावर ती करणारं कुणी माझ्या माहितीत नाही, मुंबई गाठावी लागते. भाचीने हनुवटीच्या मोजक्या केसांसाठी ती करून घेतली.

आज तिचा जबडा बराच मोकळा आहे. पूर्वीसारखा झालेला नाही. गळ्याच्या बाजूला काही केस येतात, ते मी काढून देते. ती मास्क घालत नाही, बँकेत पूर्वीच्या खुर्चीवर बसते, आणि तिच्या ब्रँचमधल्या दोन मुलींना तिने स्वतःहून हे सगळं सांगितलं. मला तिचं याच गोष्टीसाठी कौतुक वाटतं. आपल्याकडे बाईच्या चेहऱ्यावरच्या केसांबद्दल कुणी मोठ्याने बोलत नाही. म्हणूनच एकीला झालेला त्रास दुसरीला कळत नाही आणि तीच चूक नव्या चेहऱ्यावर पुन्हा होते.

माझ्याकडे विचारायला येणाऱ्या मुलींना मी लेझर करू नका असं सांगत नाही. जाड काळे केस असलेल्या कितीतरी जणींना त्याचा चांगला उपयोग झालेला मी पाहिला आहे. मी त्यांना आरशासमोर बसवते, गाल ताणून बघते आणि कुठे केस आहेत, कुठे नुसती लव आहे ते बोटाने दाखवते. मग सांगते: लेझर लावायचं ते जाड केसांना, लवेला लावू देऊ नका, पॅकेज कितीही स्वस्त पडलं तरी. पाळी अनियमित असेल, केस अचानक वाढले असतील, तर आधी तपासण्या करा. आत हार्मोन्सचा त्रास चालू असेल तर एकीकडे लेझर होत राहील आणि दुसरीकडे नवे केस येत राहतील. मशीन कोण चालवणार, ते त्वचारोगतज्ज्ञ आहेत का, की डॉक्टर फक्त पहिल्या दिवशी दिसणार आहेत, ते विचारा. आपल्या देशातल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने लेझरने केस कमी करण्याबद्दल २००८ मध्येच सूचना काढल्या आहेत. म्हणजे असं विचारणं आगाऊपणा नाही. सुरू करण्याआधी दोन्ही गालांचे आणि गळ्याचे फोटो एकाच उजेडात काढून ठेवा, म्हणजे नंतर कुणी "आधीपासूनच होतं" म्हणणार नाही. पहिल्या वेळी छोट्या जागेवर चाचणी मागा. प्रत्येक सिटिंगला मशीन आणि जोर कागदावर लिहून घ्या. भाचीजवळ तसा कागद असता तर मुंबईच्या डॉक्टरांचं काम सोपं झालं असतं.

काही मुली ऑनलाइन मागवलेली घरगुती आयपीएल मशीनं घेऊन येतात आणि कसं वापरायचं विचारतात. त्यांचा जोर मुद्दाम कमी ठेवलेला असतो, आणि गडद रंगाच्या कातडीला वापरू नये अशी सूचना त्यांच्या माहितीपत्रकात छापलेली असते. चेहऱ्याच्या लवेवर ती फिरवू नका, इतकंच मी सांगते.

आणि ज्यांना आधीच असं झालं आहे, त्यांनी लपून बसू नये. कडेने नवे जाड केस दिसले की पुढची सिटिंग थांबवावी, क्लिनिकला स्पष्ट सांगावं आणि दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं. यावर उपाय आहेत, आणि लवकर दाखवलं तर ते सोपे जातात. आयांनाही माझं सांगणं आहे: मुलीच्या रेझरला, दोऱ्याला, खाण्यापिण्याला दोष देण्याआधी मशीन कुठपर्यंत फिरलं ते तिला विचारा.

लेझर करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी पैसे घेण्याआधी बाईला एक गोष्ट तिच्या भाषेत सांगितली गेली पाहिजे: तुमच्या रंगाच्या कातडीवर, चेहऱ्याच्या लवेवर, थोड्या जणींचे केस यामुळे वाढतात. हे ऐकून एखादी उठून जाईल. बऱ्याच जणी थांबतील आणि फक्त हनुवटीचं करून घेतील. माझ्या भाचीने तेच केलं असतं.